डाव्या पायाची वेणी

वन्सं, पेपरात तुम्हाला मनमिळाऊ लिहिलंय. प्रेमळ, मनमिळाऊ आणि शांत स्वभावाच्या. तुमच्या मंजूने फोनवर वाचून दाखवलं तेव्हा मी म्हटलं, अगं, शेजारच्या चौकटीतल्या दुसऱ्याच बाईचं वाचतेस तू. तर ती रडता रडता हसली. प्रेमळ होतात, ते मी नाकारत नाही. पण शांत? एका पायमोज्याच्या वेणीवरून माझ्याशी वर्षानुवर्षं भांडलेली बाई शांत कशी म्हणायची? आणि ते भांडण अर्ध्यावर टाकून तुम्ही निघून गेलात. हे मला पटलेलं नाही. म्हणून लिहायला बसले.

मला रडायला येत नाही, तुम्हाला माहीत आहे. नौपाड्याला तुमच्या घरात बायका एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या आणि मी आकडा शोधत होते. तुमचा आंबाड्याचा आकडा. तो काळा, तारेचा, लांब, एका पायाला जरा वाकलेला. तुम्हाला आंघोळ घातली, साडी नेसवली आणि केस विंचरायला घेतले, तर ते सगळे मोकळे, खांद्यावर पसरलेले. मंजू बघतच राहिली. म्हणाली, "मामी, आईला मी दिवसाउजेडी मोकळ्या केसांची कधी बघितली नाही गं." मी आंबाडा वळला आणि आकड्यासाठी हात पुढे केला, तर आकडा कुणाकडेच नाही. उशीखाली नाही, आरशापाशी नाही, बाथरूमच्या फळीवर नाही. तुमच्या शेजारणीने स्वतःच्या डोक्यातली प्लॅस्टिकची क्लिप काढून दिली. गुलाबी. मी म्हटलं, "नको, उठून बसतील त्या." त्यावर दोघीतिघींनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काही करून बसले. शेवटी काळ्या दोऱ्याने बांधला आंबाडा. चांगला घट्ट बांधला. माझा हात आवळ आहे, हे तुम्हीच सांगत आलात.

आकडा सापडला तेरावं झाल्यावर. मंजू डोंबिवलीला आमच्याकडे आली, हातात तुमची विणकामाची कापडी पिशवी. ती खुंटीलाच लावलेली होती म्हणे, कुणी हात लावला नव्हता. "मामी, यातलं मला काही कळत नाही. पण मामाचे असावेत, म्हणून आणलं."

तुमच्या भावाचेच होते. त्यांच्याशिवाय कुणासाठी विणणार होतात लोकरीचे मोजे, तेही ठाण्यात? एक मोजा पुरा झालेला, उजव्या पायाचा. गर्द निळा, आणि घोट्यापर्यंत उतरत आलेली दोन रंगांची वेणी, एक पेड हळदी, एक निळा. टाच सुबक, पंजा सुबक, आतून धागे कुठे ओढलेले नाहीत. आणि दुसरा मोजा सुयांवर. सुया त्याच, सायकलच्या तारांच्या. ह्यांनी कारखान्यात टोकं घासून दिलेल्या. वरची पट्टी झाली होती, तिच्याखाली थोडी वीण झाली होती, आणि जिथे पहिला पीळ घालायचा तिथे तीन टाके सुईवरून उतरवून तुमच्या आकड्यावर ठेवलेले होते.

मी खालीच बसले. मंजू घाबरली. "काय झालं?"

"काही नाही. तुझ्या आईचा आकडा सापडला."

"तो तिथे कशाला?"

मग तिला सांगावं लागलं. तुमची मुलगी बँकेत मोठी झाली, पण सुई कुठून धरायची तिला माहीत नाही. हा दोष तुमचा. मी म्हटलं, "हे बघ, वेणी घालायची म्हणजे तीन टाके बाजूला काढून धरायचे, पुढचे तीन आधी विणायचे, मग हे धरलेले विणायचे. जागेची अदलाबदल झाली की पीळ पडतो. धरलेले टाके निसटू नयेत म्हणून कशावर तरी अडकवून ठेवायचे. लोक त्याला छोटी सुई घेतात. तुझी आई आंबाड्यातला आकडा काढायची."

"म्हणून तिचे केस..."

"म्हणून."

तिने पिशवी मांडीवर ओढली. मग सांगायला लागली, तुम्ही चहा घेऊन खिडकीत विणत बसला होतात. मध्येच म्हणालात, जरा कसंतरी होतंय, पडते. विणकाम गुंडाळलंत, पिशवीत घातलंत, पिशवी खुंटीला लावलीत, आणि मग पडलात. छातीत कळ आलेली असताना सुद्धा टाका गळू दिला नाहीत. मंजूला हे सांगताना हुंदका आला. मला तुमचा राग आला. पिशवी खुंटीला लावण्याऐवजी मुलीला डॉक्टर बोलवायला सांगायचं होतंत.

पण खरं सांगते, पहिल्यांदा मी बघितलं ते वेगळंच. आकडा मोज्याच्या पुढे आहे की मागे.

आपलं भांडण तेवढंच तर होतं. आकडा मागे धरला की पीळ उजवीकडे वळतो, पुढे धरला की डावीकडे. तुमचं म्हणणं, उजव्या पायाच्या मोज्याची वेणी एकीकडे वळली पाहिजे आणि डाव्या पायाची दुसरीकडे, म्हणजे पाय जोडून ठेवले की वेण्या समोरासमोर येतात. माझं म्हणणं, मोज्याला डावा-उजवा नसतो. दोन्ही एकसारखे विणा. एक फाटला की दुसऱ्या जोडीतला घालता येतो.

"माणसाचे पाय एकमेकांकडे बघतात, इंदू," तुम्ही म्हणायच्यात.

"पाय बघत नाहीत, चालतात."

"एकसारखे विणले तर ती जोडी कसली? ते नुसते दोन मोजे."

"मग दोन मोजेच तर हवेत! तुमच्या भावाला काही नवरा-नवरीचे पाय नाहीत."

हे हसायचे. हसून पांघरूण पायावर ओढून घ्यायचे.

ह्यांच्या पायांचं तुम्ही पहिल्यांदा ओळखलंत, मी नाही. सगळी नोकरी मानपाड्याच्या बाजूला कापड रंगवायच्या कारखान्यात झाली. दिवसभर ओल्या फरशीवर गमबूट घालून उभे. घरी यायचे तेव्हा पायाची कातडी पांढरी, सुरकुतलेली, नखांत कधी निळा रंग, कधी तांबडा. मी पाणी तापवून द्यायची आणि माझं काम झालं असं समजायची. नोकरी संपली आणि पाय गार पडायला लागले. मे महिन्यात मी पदराने वारा घेतेय आणि हे पंखा बंद करा म्हणतायत. मी ओरडायची. तुम्ही एकदा आलात, पलंगाशी बसलात, ह्यांच्या तळव्याला हात लावलात आणि म्हणालात, "बाळ्या, हे पाय आहेत की बर्फाची लादी?" डॉक्टरने वय झालं म्हणून सांगितलं, मोजे घाला म्हणाला. बाजारातल्या मोज्यांचं इलॅस्टिक काचायचं, पोटरीवर वळ उठायचे.

"मी विणते," तुम्ही म्हणालात.

नौपाड्यातल्या त्या लोकरीच्या दुकानात मी होते तुमच्याबरोबर. दुकानदार आपल्या दोघींकडे बघून म्हणाला, "काकू, लोकरीचे मोजे? काश्मीरला निघालात की काय?" तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "काश्मीर माझ्या भावाच्या पायातच आहे. निळी दाखव." मी एकच रंग घ्या म्हणत होते. साधे विणा, लवकर होतील. तुम्ही हळदी लडी उचललीत. म्हणालात, आयुष्यभर दुसऱ्यांचे कपडे रंगवले त्याने, त्याच्या पायात दोन रंग असू देत. त्यावर मीच दुसरी हळदी लडी शोधून दिली.

तेव्हापासून दर भाऊबीजेला हे ताटात ओवाळणी घालायचे आणि तुम्ही ह्यांच्या मांडीवर मोजे ठेवायच्यात. भावाने द्यायचं आणि बहिणीने घ्यायचं, एवढी सरळ रीत, ती पण तुम्ही तुमच्यासारखी करून घेतलीत.

शनिवारी दुपारी यायच्यात तुम्ही, जेवणं उरकल्यावर. गॅलरीत चटई टाकायची. तुम्ही विणायच्यात आणि मी लोकरीचे गुंडे सोडवायचे. दोन रंगांची वीण म्हणजे दोन धागे सतत एकमेकांभोवती फिरतात. दोनचार ओळी झाल्या की त्यांची दोरी होते. तुमच्याच्याने विणकाम खाली ठेवून सोडवणं व्हायचं नाही, म्हणून एक गुंडा माझ्या डाव्या मांडीशी, एक उजव्या. "इंदू, हळदी!" म्हटलंत की मी हळदी गुंडा निळ्यावरून पलीकडे टाकायचा. "निळा!" की परत. बाकी बोलणं त्याच्यामध्ये. कोण आजारी, कुणाचं लग्न मोडलं, कुठल्या इमारतीला पाणी येत नाही. वेणीपाशी आलात की डोक्यामागे हात जायचा, आकडा निघायचा, आंबाडा एका बाजूने सुटायला लागायचा. पीळ झाला की आकडा परत डोक्यात. पुढच्या वेणीला परत बाहेर. संध्याकाळी तुम्ही गाडीला निघायच्यात तेव्हा आंबाडा मानेवर आलेला असायचा. हे म्हणायचे, ताईच्या आंबाड्याकडे बघितलं की कळतं मोजा कुठवर आला.

ह्यांना वाकवत नाही. हाताला येईल तो मोजा, पुढे येईल त्या पायात. म्हणजे तुम्ही याल तेव्हा डावा उजव्यात आणि उजवा डाव्यात असायचा, हटकून. तुम्ही दारातूनच बघायच्यात. अजून चपला काढलेल्या नाहीत, पाणी प्यायलेलं नाही, आणि, "बाळ्या, पाय रुसलेत रे तुझे! तोंडं फिरवून बसलेत बघ. बदल." आणि हा सत्तरी ओलांडलेला माणूस गुपचूप मोजे काढून बदलायचा. माझं डोकं फिरायचं. एकसारखे विणले असते तर प्रश्नच नव्हता.

म्हणून एका वर्षी मी स्वतःच एक विणला. तुमचा उजव्या पायाचा मोजा घेतला आणि तस्साच दुसरा, त्याच वळणाची वेणी. आठ दिवस खपले असेन. तुम्हाला दाखवला. तुम्ही तो उलटा केलात, सुलटा केलात, ताणून बघितलात. मग टोक शोधलंत आणि उसवायला लागलात. माझ्याच घरात बसून, माझ्याच हातची करंजी खात, माझाच मोजा! सर्रकन सगळी लोकर तुमच्या मांडीवर. मी उठून आत गेले आणि संक्रांतीपर्यंत तुमच्याशी बोलले नाही. संक्रांतीला तुम्ही तिळगूळ घेऊन आलात आणि म्हणालात, "तुझा हात आवळ आहे म्हणून उसवला हो. त्याच्या पायाला काचला असता. वेणीसाठी नाही उसवला."

साफ खोटं होतं ते. पण तुम्ही एवढ्या दूर खोटं बोलायला आलात म्हणून मी तिळगूळ घेतला.

आवळ हात हा शब्द मी तुमच्याकडूनच पहिल्यांदा ऐकला. लग्न होऊन इथे आले तेव्हाची गोष्ट. कोकणातलं आमचं घर सोडून आलेली, शेजारी कोण माहीत नाही, बोलायला कुणी नाही, ह्यांची पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची. दार लावून बसायची. तुम्ही ठाण्याहून आलात. थोरली नणंद येणार म्हणून मी धास्तावून सगळं घर घासून ठेवलेलं. तुम्ही घराकडे बघितलंसुद्धा नाहीत. पिशवीतून सुया आणि जुन्या स्वेटरची उसवलेली लोकर काढलीत आणि म्हणालात, "बस. टाके घाल." मी घातले. तुम्ही बघून म्हणालात, "गळा दाबल्यासारखा टाका आवळतेस. सोड जरा. कुणी पळून जात नाहीये."

करमतं का, असं तुम्ही मला कधी विचारलं नाहीत. बाकी सगळ्यांनी विचारलं. सासरच्यांनी विचारलं, माहेरच्यांनी पत्रांतून विचारलं, आणि प्रत्येकाला मी हो म्हटलं. तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही पुढच्या शनिवारी परत आलात, आणि त्याच्या पुढच्या. पहिल्या पावसाळ्यापर्यंत माझा एक वेडावाकडा मफलर झाला होता आणि मी दार उघडं ठेवायला लागले होते. याबद्दल आपण कधी बोललो नाही. बोललो असतो तर तुम्ही म्हणाला असतात, पुरे गं, हळदी कुठाय.

तुम्ही गेलात त्याच्या आदल्या दिवशी फोन आला तुमचा. आदल्या दिवशीचा म्हणून मी तो मनात पुन्हा पुन्हा ऐकते, पण त्यात काही विशेष नव्हतं. तुम्ही भाज्यांच्या भावावर बोललात. गुडघा दुखतो म्हणालात, म्हणून हल्ली येणं झालं नाही, गुंडे सोडवायला कुणी नाही, दोऱ्या होतायत. मग म्हणालात, "दुसऱ्या मोज्याच्या वेणीपाशी आलेय. या खेपेला कुठे वळवायची ते ठरवलंय मी."

"काय ठरवलंत?"

"मोजा येईल तेव्हा बघ."

"सांगा की."

"सांगितलं तर तू फोनवर भांडशील. समोर भांड. भाऊबीजेला येतेच आहे."

आणि फोन ठेवलात. इतकी वर्षं तुम्ही कधी ठरवलंय असं म्हणाला नव्हतात. ठरवायचं काय होतं? तुमचं ठरलेलंच असायचं. त्या दिवशी मी भांडी घासताना मनाशी म्हटलं, म्हातारी माझं ऐकतेय की काय.

म्हणून मी आकडा बघितला, वन्सं. तो तीन टाके घेऊन मोज्यात लोंबकळत होता. टाके अजून विणलेले नव्हते, त्यामुळे आकडा पुढेही जात होता आणि मागेही. पिशवीत गुंडाळताना, खुंटीवरून काढताना, गाडीतून आणताना तो किती वेळा इकडचा तिकडे झाला असेल. मी पुढे करून बघितला. मागे करून बघितला. दोन्हीकडे तितकाच नीट बसत होता. ह्यांना विचारलं, "तुमच्या ताईने काय ठरवलं होतं, काही बोलल्या होत्या?" हे म्हणाले, "ताईने मला कधी काही विचारलंय का? मी नुसते पाय द्यायचे."

मंजूचा विचार वेगळाच होता. ती म्हणाली, "मामी, हे असंच ठेवू या. आकड्यासकट. मी काचेच्या चौकटीत लावते. शेवटचा हात लागलाय तिचा त्याला."

मी म्हटलं, "तुझ्या आईने आयुष्यात कुठली वस्तू काचेत ठेवली होती?"

"म्हणूनच. एक तरी राहू दे."

"अगं, मोजा आहे तो. भिंतीला पाय असतात का?"

"तुला काहीच कसं वाटत नाही गं!" ती एकदम चिडली. आवाज अगदी तुमचा. "तू तो आकडा काढलास, पुढची ओळ विणलीस, की संपलं. तिचं म्हणून काही राहणार नाही. मग तो तुझा मोजा होईल."

हे तिचं खरं होतं, वन्सं. म्हणून मी पिशवी टांगून ठेवली. मंजू चहा न घेता गेली. दोन दिवस मी त्या पिशवीकडे बघत घरातली कामं केली. आई तिची होती. हट्ट करायचा हक्क तिचा. पण आत पलंगावर हे बसलेले, पायाला जुनी चादर गुंडाळून. मागच्या वर्षीच्या जोडीची टाच विरलेली. तुम्ही हे त्यांच्यासाठी विणत होतात. भिंतीसाठी नाही, आणि माझ्यासाठीही नाही. आपल्या भांडणात ही गोष्ट मधूनमधून विसरली जायची.

मी मंजूला फोन केला. म्हटलं, "रविवारी ये. तू आल्याशिवाय मी हात लावत नाही. तू नको म्हणालीस तर नाही विणणार."

ती आली. आधी मामाच्या खोलीत गेली. बाहेर आली तेव्हा डोळे पुसत होती. म्हणाली, "पाय किती गार आहेत गं त्याचे." मग चटई तिनेच टाकली.

मी तिला माझ्या जागी बसवलं. निळा गुंडा एका मांडीशी, हळदी दुसऱ्या. "मी हळदी म्हटलं की हा त्याच्यावरून पलीकडे टाकायचा. उलटा टाकलास तर दुप्पट गुंता होतो." पहिल्यांदा उलटाच टाकला तिने. दुसऱ्यांदाही. तुम्ही असतात तर ओरडला असतात. मी पण ओरडले.

गुंड्यांचा एवढा सराव झाल्यावर आकड्याकडे वळलो. आकड्याच्या वाकलेल्या पायात तुमचा एक केस अडकला होता, लांब, पांढरा. मी तीन टाके हलकेच सुईवर घेतले, आकडा सोडवला आणि केसासकट मंजूच्या हातावर ठेवला. "हा तुझा. याला काचेत ठेव, नाहीतर डोक्यात घाल. मोजा मामाचा." तिने मूठ मिटली. पुढच्या सगळ्या वेण्यांना मी सेफ्टी पिन वापरली. पिनेने टाके ओढले जातात, पण भागलं.

पिनेवर ते तीन टाके घेतले आणि थांबले. मंजू म्हणाली, "आता काय?"

"आता पुढे धरायची की मागे, ते."

"काय फरक पडतो?"

तुमची मुलगी, वन्सं, आणि विचारते काय फरक पडतो! माझ्या हातात होतं. मागे धरली असती तर वेणी पहिल्या मोज्यासारखीच, म्हणजे माझ्या म्हणण्याप्रमाणे वळली असती आणि तुम्हीच तसं ठरवलं होतं असं मी सगळ्यांना सांगू शकले असते. कोण नाही म्हणणार होतं? कदाचित ते खरंही असेल. म्हातारपणी माणसं मऊ होतात. पण तुम्ही मऊ झालात, माझं ऐकलंत, आणि मग गेलात, असं मला नको होतं. माझा मोजा करंजी खात उसवणाऱ्या वन्सं मला ओळखीच्या आहेत. माझं ऐकणारी बाई कोण ती मला माहीत नाही.

पिन पुढे धरली. वेणी तुमच्या बाजूने वळली. आता तुम्ही माझ्यासाठी मागे धरणार होतात आणि मी तुमच्यासाठी पुढे धरली असं झालं असेल, तर आपण दोघी वेड्या आहोत, दुसरं काय.

हात सैल ठेवायचा मी फार प्रयत्न केला. दर ओळीला स्वतःला सांगत होते, कुणी पळून जात नाहीये. तरी तुमची वीण कुठे संपते आणि माझी कुठे सुरू होते ते दिसतं. पट्टीखाली एक रेघच पडलीय, तिच्यावर मऊ, तिच्याखाली घट्ट. मंजूला मी ती दाखवली. म्हटलं, "इथपर्यंत तुझी आई. बघून घे." तिने रेघेवरून बोट फिरवलं. त्यानंतर ती रविवारी येतेच आहे. गुंडे आता बरे सोडवते. परवा म्हणाली, मला पण टाके घालायला शिकव. मी म्हटलं, बस.

दिवाळी यंदा नव्हतीच. ना कंदील, ना फराळ. भाऊबीजेला सकाळी हे आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून पलंगावर बसले होते, तसेच, कुणाची तरी वाट बघितल्यासारखे. कुणी येणार नव्हतं हे त्यांनाही माहीत होतं. मी आत गेले आणि मोजे त्यांच्या मांडीवर ठेवले. म्हटलं, "ताईकडून आलेत." त्यांनी ते उलटेसुलटे करून बघितले, आणि मी चहा आणायला वळले.

चहा घेऊन आले तर मोजे घालून झाले होते. पाय जोडून खाली सोडलेले. आणि अर्थात, उजवा डाव्यात, डावा उजव्यात. मी दारात उभी. माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, पाय रुसलेत तुमचे."

ह्यांनी वर बघितलं. तुम्ही गेल्यापासून हा माणूस रडला नव्हता, स्मशानातसुद्धा नाही. त्या वेळी रडले. मी कप खाली ठेवला, जमिनीवर बसले, दोन्ही मोजे काढले आणि बदलून घातले. माझा मोजा चढायला जरा जड गेला, पण काचला नाही. मग दोन्ही पाय हातात धरून जोडून बघितले. एक वेणी इकडून, एक तिकडून.

बघतात हो, एकमेकांकडे. दिसतं तसं. पण म्हणून तुमचं बरोबर होतं, असं मी म्हणणार नाही. ते ऐकायचं असेल तर तुम्हाला इथे चटईवर येऊन बसावं लागेल.